डबीबाहेरच्या गोळ्या

माझ्या गुडघ्याचे तीन एक्स-रे काढले आणि तिन्ही चांगले आले. दुखणं डाव्या जांघेत सुरू व्हायचं आणि मांडीतून खाली गुडघ्यात येऊन बसायचं. कुंभकोणममधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिसरी फिल्म खिडकीसमोर धरली आणि म्हणाले, "हाड उत्तम आहे अम्मा. हे तुमच्या ल्युपसचंच दुखणं. थोडं दुखणारच." फिल्म पिशवीत घालून मी घरी आले. ते 'थोडं' घेऊन मी पुढचे सात महिने लंगडले.

माझं नाव सुगुणा, वय एक्केचाळीस. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की तमिळ, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आमची घरची मराठी पुण्याच्या माणसाला जुनाट वाटते, म्हणून हे लिहिताना मी छापील मराठीचा आधार घेतला आहे. लिहायचं कारण असं की ल्युपस झालेल्या बायकांचा फोनवर एक गट आहे. त्यात महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुली आहेत. त्या विचारतात, "ताई, स्टेरॉइडनं हाडं खरंच जातात का?" मी दर वेळी तुकड्यातुकड्यानं उत्तर देते आणि दर वेळी एक गोष्ट गाळते. इथे ती गाळायची नाही असं ठरवलं आहे.

पहिली मात्रा

ल्युपस कळला तेव्हा मी तीस वर्षांची होते. ताप जात नव्हता, गालांवर लाल चट्टे उठले होते, आणि सकाळी हाताची मूठ मिटत नव्हती. तिरुचीच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव सांगितलं. शरीर स्वतःवरच उलटतं, हे आयुष्यभर सांभाळावं लागेल, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल, असं बरंच काही त्या बोलल्या. मी त्यातलं निम्मं ऐकलं. नवऱ्यानं सगळं वहीत लिहून घेतलं.

आमच्या घरी गोळीला मात्रा म्हणतात. स्टेरॉइडची पहिली मात्रा घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या हातानं केस विंचरले. वेणी घालून झाल्यावर आरशासमोर उभी राहून रडले. त्या गोळ्यांविषयी आज मला कितीही चीड असली तरी ती सकाळ खोटी नव्हती. त्यांनीच तेव्हा माझी मूत्रपिंडं वाचवली, हेही खरं.

पुढे डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत अगदी कमी केला. माझे यजमान, रघुनाथराव, शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी सात खणांची एक डबी आणली. दर रविवारी जेवण झालं की चष्मा लावून ते आठवड्याच्या गोळ्या मोजून भरायचे. एक गोळी इकडची तिकडे झाली नाही.

डबीबाहेरच्या

मी तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या दुकानात काम करते. आमच्याकडे साडी बसून दाखवतात. पांढरी चादर घातलेल्या गादीवर आम्ही मांडी घालून बसायचं, समोर नवरीची माणसं बसणार, आणि घडीमागून घडी उलगडायची. भरजरी साडी वजनाला कमी नसते. एका लग्नाची माणसं चाळीस-पन्नास साड्या पाहून दोन घेतात, आणि बाकीच्या पुन्हा घडीवर घडी बसवून ठेवाव्या लागतात. मुहूर्तांच्या महिन्यांत दिवसाला अशी सात-आठ कुटुंबं येतात.

ल्युपस कळल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मुहूर्ताच्या दिवसांत माझी बोटं पुन्हा सुजली. डॉक्टरीणबाईंकडे गेले असते तर रजा घ्या म्हणाल्या असत्या. मी बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात गेले, गोळीचं नाव सांगितलं आणि एक पाकीट मागितलं. त्यानं दिलं. चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही. सकाळी दोन जादा घेतल्या. दुपारपर्यंत बोटं सुटली.

त्यानंतर हे दर मोसमाचं झालं. वर्षातले चार-पाच महिने, कधी रोज दोन, कधी तीन, गर्दी फारच असली तर चार. पाकीट जेवणाच्या पिशवीत, पदराच्या पिनांच्या डबीखाली. माझ्या शेजारी बसणारी कल्याणी अक्का, आमच्यात सगळ्यांत जुनी, गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या सुगुणाला थकवा माहीतच नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा. गोळ्यांनी तोंड गोल झालं होतं, मानेमागे मांस आलं होतं. तरी मी तो अभिमान सोडला नाही.

एमआरआय

जांघेतलं दुखणं इतकं वाढलं की बसच्या पायरीवर पाय उचलून ठेवताना मी हातानं मांडी धरून उचलायला लागले. तेव्हा रघुनाथराव रजा टाकून मला तिरुचीला घेऊन गेले. बरं वाटतं म्हणून तिथल्या तपासण्या मी लांबवत गेले होते, वर्षाकाठी एकदा जात होते.

डॉक्टरीणबाईंनी मला निजवलं, गुडघ्यातून पाय वाकवला आणि हलकेच आत वळवला. मी ओरडले.

"गुडघा नाही हा," त्या म्हणाल्या. "खुबा आहे. दोन्ही खुब्यांचा एमआरआय करून या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र दाखवलं. खुब्यात मांडीच्या हाडाचा वरचा टोकाचा गोळा बसतो. त्याला रक्त पोचेनासं झालं की तो भाग आतून मरतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. एक दिवस वरचा भाग आत खचतो. माझा डावा खचला होता. उजव्यात सुरुवात झाली होती.

"कशामुळे?" मी विचारलं.

"ल्युपसमध्ये होऊ शकतं. पण त्यात स्टेरॉइडचा वाटा मोठा असतो, विशेषतः जास्त डोसचा." त्यांनी माझी फाइल पुन्हा पाहिली. "तुमचा डोस तर गेली कित्येक वर्षं कमी आहे. मध्ये कुणी वाढवला होता का?"

"नाही डॉक्टर," रघुनाथराव म्हणाले. "मी स्वतः भरतो डबी."

मी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी हाडांची घनताही मोजली, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मणके विरळ झाले होते. परतताना गाडीत मला एवढा संताप आला की कानशिलं ठणकायला लागली. इतक्या डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली, लघवी तपासली, पण हाडांबद्दल एक कॅल्शियमची गोळी सोडून कुणी चार वाक्यं बोललं नव्हतं. जांघेत दुखलं तर लगेच या, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आणि त्या संतापाच्या आत दुसरा संताप होता, तो माझ्यावरचा. तो कुणापुढे काढता येत नव्हता, म्हणून मी सगळा डॉक्टरांवर काढला. रघुनाथराव मान डोलवत होते. त्यांना माझं सगळं पटत होतं, याची मला आणखी चीड आली.

एक मूर्खपणा

डावा सांधा बदलायचं ठरलं. तीन आठवड्यांनंतरचा दिवस मिळाला. शेवटच्या आठवड्यात मी सगळ्याच गोळ्या बंद केल्या. पाकिटातल्या केल्याच, डबीतल्याही केल्या. सकाळी खण उघडून गोळी गालात धरायची, रघुनाथरावांसमोर पाण्याचा घोट घ्यायचा आणि न्हाणीत जाऊन थुंकायची. मला वाटत होतं, आता तरी या विषाचा एक कणही आत जायला नको.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून अन्नाचा वास नको झाला. उभी राहिले की डोळ्यांपुढे काळोख यायचा. सासूबाईंना मी अम्मा म्हणते. त्या म्हणाल्या, "भय बसलें आहे तुज. ऑपरेशन म्हटलें कीं पोट ढवळतेंच." मलाही तसंच वाटलं. दवाखान्यात दाखल झाले तेव्हा मी दोनदा ओकले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भूल देणारे डॉक्टर आले. तरुण होते, फार हळू बोलत. त्यांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, मग खुर्ची ओढून बसले.

"स्टेरॉइड रोज किती घेता?"

रघुनाथरावांनी आकडा सांगितला.

"सर, मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे."

मी तोच आकडा सांगितला. ते उठले नाहीत.

"हे बघा अम्मा," ते म्हणाले, "बाहेरून इतकी वर्षं स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. ऑपरेशनच्या ताणात ते शरीराला लागतंच. ते आम्ही सुईतून देतो. पण तुम्ही खरोखर काय घेत होता, कधी थांबवलं, हे मला कळलं नाही, तर उद्या टेबलावर तुमचा रक्तदाब कोसळेल आणि मी कारण शोधत बसेन. आत्ताच तो बरा नाही."

मी रघुनाथरावांना म्हटलं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर जाता का?"

"कशाला?" ते म्हणाले. त्यांच्या हातात गरम पाण्याचा थर्मास होता.

मग मी सांगितलं. तमिळमध्येच सांगितलं, कारण मराठीत मला ते त्यांच्यासमोर उच्चारता आलं नसतं. औषधाचं दुकान, दोन, तीन, चार, किती वर्षं, आणि गेल्या सहा दिवसांचं थुंकणं. डॉक्टर लिहून घेत होते. ते रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले आणि नर्सला हाक मारली. सलाइन लागलं, सुया लागल्या. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन रद्द झालं. संध्याकाळी मला आठवड्यातली पहिली भूक लागली आणि मी तीन इडल्या खाल्ल्या.

रघुनाथरावांनी इडल्या आणून दिल्या. मग थर्मास विसळायला निघून गेले.

बाकावर

दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं होतं. रघुनाथराव शेजारी बसले. म्हणाले, "पोरांना मी मोजमाप शिकवतो. आणि माझ्या घरात नऊ वर्षं मी मोजत होतो, ते सगळं खोटं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

"थांबवलंच असतं."

"मग माझं काम सुटलं असतं."

"आता काय राहिलंय?"

हे बोलल्यावर त्यांनी स्वतःच मान खाली घातली. पण मला ते लागलं, आणि मी गप्प बसले नाही. "तुम्ही गोळ्या मोजल्यात. माझी बोटं मिटतात का, हे किती वेळा विचारलंत? डबी रिकामी झाली की तुमचं समाधान. संध्याकाळी मी साडीची पिन काढू शकत नव्हते, तेव्हा तुम्ही पेपर तपासत होतात."

समोरच्या वॉर्डात कुणाचं तरी जेवणाचं ताट खाली पडलं आणि दोघंही तिकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात घेतला आणि एकेक बोट दुमडून पाहिलं, जसं एखादं उपकरण तपासतात तसं. उजव्या हाताची मधली दोन बोटं पूर्ण मिटली नाहीत.

"हे केव्हापासून?"

"पुष्कळ दिवस झाले."

आमचं भांडण तिथे मिटलं, असं मी म्हणणार नाही. नंतर कित्येक महिने ते मध्येच उफाळून यायचं. पण खरा आकडा दोघांना माहीत होऊन झालेलं ते पहिलं भांडण होतं.

वाकायचं नाही

दोन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. कमरेखालचं शरीर बधिर केलं होतं, तरी हातोडीचे आवाज ऐकू येत होते. सुतारकाम चालावं तसे. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. व्यायाम घेणारी मुलगी रोज सकाळी येऊन तीच तीन वाक्यं म्हणायची: जमिनीवर बसायचं नाही, कमरेत खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही.

घरी आल्यावर कळलं की आमचं सगळं आयुष्य जमिनीवर आहे. जेवण पानावर, जमिनीवर. पूजा जमिनीवर. भाजी चिरायची विळी, दारातली कोलमची रांगोळी, न्हाणीतलं स्टूल, संडास, सगळं खाली. रघुनाथरावांनी संडास बदलून घेतला, जेवायला टेबल आणलं. अम्मांचं वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर त्या पाटावर बसून जेवल्या. टेबल घरात आलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं. मी पहिल्या दिवशी एकटी टेबलाशी बसले, पान वाढून घेतलं. अम्मा स्वयंपाकघरातून आल्या, समोरची खुर्ची ओढली आणि अवघडून तिच्यावर चढून बसल्या. पाय जमिनीला लागत नव्हते.

"मजही वाढ," त्या म्हणाल्या. "गुडघे माझेही कुठें धड आहेत? कुणीं कधीं पुसलें नाहीं, म्हणून सांगटलें नाहीं."

तेव्हापासून त्या टेबलावरच जेवतात.

बाहेर एवढं सोपं नव्हतं. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला गेलो, तर मला मागच्या बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. सगळी सभा खाली आणि मी एकटी वर. एक ओळखीच्या बाई वळून म्हणाल्या, "एवढ्या लहान वयात खुर्ची?" मी हसले. हसले याचा राग मला घरी येईपर्यंत पुरला. बाहेरून काही दिसत नाही, हेच या दुखण्याचं सगळ्यांत मोठं झंझट आहे. चेहरा गोल, रंग उजळ. लोकांना वाटतं, बरी आहे.

अडीच महिन्यांनी उजव्या खुब्यात भोक पाडून आतला दाब कमी केला. त्यानं तो टिकेल का? "बघू या," असं सर्जन म्हणतात. दर वेळी तेच म्हणतात. स्टेरॉइडचा डोस तिरुचीच्या बाईंनी कणाकणानं कमी केला आहे, दुसरं औषध सुरू केलं आहे, हाडांसाठी वेगळं इंजेक्शन आहे. डोस उतरला की ल्युपस डोकं वर काढतो. चढवला की मला हाडं आठवतात. या दोन्हींच्या मधल्या पट्टीवर मी चालते आहे, आणि मला त्याचा वीट आला आहे.

गटातल्या मुलींनो, तुम्ही विचारता म्हणून सांगते. गोळी मनानं वाढवू नका, आणि माझ्यासारखी मनानं बंद तर मुळीच करू नका. मी त्यात मेले असते. जांघेत किंवा गुडघ्यात दुखणं राहिलं आणि गुडघा चांगला निघाला, तर खुब्याचं विचारा. डॉक्टर घाईत असतील तर असू देत. आपण खुर्चीवरून उठायचं नाही. आणि जे खरोखर पोटात जातं तेच सांगा. लाज वाटली तरी सांगा.

अरक्कू

आठ महिन्यांनी मी दुकानात परत गेले. गादी आता माझ्यासाठी नाही. मालकांनी बरीच कुरकुर करून कोपऱ्यात कमरेएवढं उंच टेबल लावून दिलं. गिऱ्हाइकांना उभं राहून साडी बघायची सवय नाही, म्हणून माझ्याकडे कमी येतात. मी काठी टेबलाखाली ठेवते.

गेल्या मुहूर्ताच्या महिन्यात एक दिवस सकाळीच बोटं सुजली. अकरा वाजेपर्यंत दुकान भरलं. मयिलाडुतुरैचं एक कुटुंब माझ्या टेबलाशी आलं. नवरी अगदी लहानखुरी, सावळी. तिला काय शोभेल ते मला पाहताक्षणी कळलं: अरक्कू, आमच्याकडचा तो लाखेसारखा गर्द तांबडा, बारीक काठाचा. मी घडी उचलायला गेले तर ती बोटांतून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली.

कल्याणी अक्कानं गादीवरून पाहिलं. "दुपारपर्यंत सुटतील गं," ती म्हणाली. "नेहमी सुटतात तुझी."

"नाही सुटणार अक्का," मी म्हटलं. "मी घरी जाते."

"आज? ही गर्दी बघतेस ना?"

"बघते आहे."

इतक्या वर्षांत गर्दीच्या दिवशी मी पहिल्यांदा असं म्हणाले होते. मालकांनी वर पाहिलं आणि नाराजीनं मान हलवली. मी काठी घेतली, पिशवी खांद्याला लावली आणि मुख्य रस्त्यावर आले. बसमध्ये पुढची जागा मिळाली. खिडकीचं ऊन मांडीवर पडलं होतं आणि त्यात माझे सुजलेले हात तसेच पडून होते. ती अरक्कू साडी एव्हाना दुसऱ्या कुणी तरी उलगडून त्या मुलीच्या खांद्यावर टाकली असेल, आणि नीट टाकली नसेल. घरी पोचेपर्यंत मला त्याचाच राग येत राहिला.